मेसच्या मागची इंजिनिअर : एलेन स्वॅलो रिचर्ड्स

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात कोणाचं चरित्र यायचं हे जणू ठरलेलंच असतं. सर विश्वेश्वरय्या, एडिसन, टेस्ला, डॉ. कलाम. ही सगळी माणसं मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण आपण हॉस्टेलवाले दिवसातून दोनदा ज्या विषयावर तावातावाने बोलतो तो विषय म्हणजे मेस. आमटी पातळ झाली, पोळ्या वातड आहेत, बिल पुन्हा वाढलं! मात्र ४०० माणसांना रोज, वेळेवर, परवडेल अशा दरात, पोटाला बाधणार नाही असं जेवण देणं हा कॉलेजात रीतसर शिकायचा विषय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या डोक्यात येतं? आणि हा विषय कॉलेजच्या दारापर्यंत आणणाऱ्यांमध्ये अगदी पुढे एक केमिस्ट होती. साधीसुधी नाही, एमआयटीची पहिली विद्यार्थिनी. तिचं नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स.

मी तिच्यापर्यंत पोहोचले ते माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे. बारावीला चांगले मार्क मिळूनही तिने हॉटेल मॅनेजमेंटला ॲडमिशन घेतली, तेव्हा नातेवाइकांनी तिला हैराण केलं होतं. स्वयंपाक शिकायला एवढी फी कशाला, हा सगळ्यांचा एकच प्रश्न. सुट्टीत मी तिची जर्नल्स चाळली तर त्यात फूड कॉस्टिंग, किचनचा लेआउट, बॅक्टेरिया, पोषणमूल्यं, स्टोअर्सचा हिशोब, माणसांच्या ड्यूट्या असं सगळं. अर्धा सिलॅबस आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा वाटावा असा! हे सगळं एकत्र करून शिकवायची कल्पना कोणाची, हे शोधता शोधता रिचर्ड्सबाईंचं नाव सापडलं.

एलेनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल या छोट्या गावातला. आई-वडील दोघेही शिक्षक, आणि ही एकुलती एक. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पुढे मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून घर वेस्टफर्डला हललं. तिथे वडिलांनी दुकान काढलं. एलेन शाळाही करायची आणि गल्ल्यावरही बसायची. माल मागवणं, वह्या लिहिणं, गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखणं, हे तिचं पहिलं मॅनेजमेंट ट्रेनिंग म्हणायला हरकत नाही.

कॉलेजला जायची इच्छा होती, पण त्या काळी मुलींना घेणारी कॉलेजेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पैसेही नव्हते. मग शिकवण्या कर, कोणाच्या घरी काम कर, आजाऱ्यांची सेवा कर, असं करत तिने ३०० डॉलर साठवले. १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात दाखल झाली. म्हणजे आपण ज्या वयात डिग्री घेऊन नोकरीला लागतो त्या वयात तिचं कॉलेज सुरू झालं. तिथे तिला प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल शिकवायला होत्या आणि खगोलशास्त्राची ओढही लागली होती. तरी शेवटी तिने रसायनशास्त्र निवडलं. लोकांच्या रोजच्या जगण्याला थेट उपयोगी पडेल असं विज्ञान तिला हवं होतं.

१८७० मध्ये पदवी मिळाली. तिने केमिकल कंपन्यांकडे कामासाठी अर्ज केले. काम मिळालं नाही, पण एका कंपनीने सुचवलं की बॉस्टनला नवीन निघालेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विचारून बघा. एमआयटी तेव्हा खरंच नवी होती, वर्ग सुरू होऊन पाचच वर्षं झाली होती. मुलगी मात्र तोवर एकही घेतली नव्हती. प्राध्यापकांची बैठक झाली आणि तिला स्पेशल स्टुडंट म्हणून प्रवेश मिळाला, तोही फी माफ करून. एलेनला वाटलं, आपल्या परिस्थितीचा विचार केला असावा. कारण वेगळंच होतं. कोणी हरकत घेतलीच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही असं अध्यक्षांना सांगता यावं, म्हणून तिचं नाव फी भरणाऱ्यांच्या यादीत घातलं नव्हतं! हे तिला फार नंतर कळलं. आधी कळलं असतं तर आपण गेलोच नसतो, असं तिने पुढे सांगितलं होतं.

१८७१ च्या जानेवारीत ती एमआयटीत आली आणि त्याच वर्षी वडील रेल्वेच्या अपघातात गेले. आईला सांभाळायला घरी जाऊन-येऊन तिने शिक्षण चालू ठेवलं. लॅबमध्ये ती स्वतःहून झाडलोट करायची, कोणाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची. हे वाचताना मला जरा रागच आला. बरोबरीच्या मुलांना हे करावं लागलं नसणार. पण आपलं असणं कोणाला खटकू नये आणि पुढच्या मुलींसाठी दार बंद होऊ नये, हा तिचा हिशोब होता. १८७३ मध्ये तिला एमआयटीची बी.एस. मिळाली आणि त्याच वर्षी व्हॅसारची एम.ए. डॉक्टरेटसाठीही तिची तयारी होती, ती मात्र एमआयटीने तिला कधीच दिली नाही.

१८७५ मध्ये तिने एमआयटीतच मायनिंग शिकवणाऱ्या प्रोफेसर रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केलं. मधुचंद्राला दोघं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले ते रॉबर्टच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, खाणी बघायला. इंडस्ट्रियल व्हिजिट आणि हनीमून एकत्र! पुढे १८७९ मध्ये अमेरिकेच्या खाण-अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

१८७६ मध्ये रिचर्ड्सबाईंनी एमआयटीत मुलींसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू करवून घेतली. पैसे बॉस्टनच्या स्त्रियांच्या एका शिक्षण संस्थेने उभे केले. रिचर्ड्सबाई तिथे बिनपगारी शिकवायच्या, वर दरवर्षी स्वतःच्या खिशातले पैसेही घालायच्या. सात वर्षांनी ती लॅब बंद झाली, पण वाईट कारणाने नाही. मुलींना मुलांबरोबर रीतसर प्रवेश मिळू लागला होता, वेगळ्या लॅबची गरज उरली नव्हती. १८८४ मध्ये त्यांची सॅनिटरी केमिस्ट्रीच्या इन्स्ट्रक्टर म्हणून नेमणूक झाली आणि मरेपर्यंत, म्हणजे २७ वर्षं, त्या त्याच हुद्द्यावर राहिल्या.

पाण्याचं त्यांचं काम सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटलवाल्यांना माहीत असायला हवं. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळासाठी राज्यभरातल्या पाण्याचे हजारो नमुने त्यांनी तपासले. समुद्रापासून जसजसं आत जावं तसतसं पाण्यातलं नैसर्गिक क्लोराइड कमी होत जातं. मग एखाद्या जागी ते अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं तर सांडपाणी मिसळलं असणार. हे नकाशावर मांडलं की दूषित जागा पटकन ओळखता येते. किती साधी युक्ती! पण त्यासाठी आधी हजारो बाटल्या तपासायला बसावं लागतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. पाणी तपासणारी बाई स्वयंपाकघरात कशी शिरली? खरं तर त्यांच्या दृष्टीने ते वेगळं काम नव्हतंच. पाणी जसं पोटात जातं तसं अन्नही जातं. १८८० च्या दशकात त्यांनी स्वयंपाक आणि स्वच्छतेमागच्या रसायनशास्त्रावर आणि अन्नातल्या भेसळीवर पुस्तकं लिहिली. स्वतःचं घर तर प्रयोगशाळाच केलं होतं. कोळशाच्या जागी गॅस, धूळ धरणाऱ्या जाड गालिच्यांऐवजी लहान सतरंज्या, खिडक्यांत जड पडद्यांऐवजी झाडं.

बॉस्टनमध्ये तेव्हा आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांची गर्दी होती. कमाईचा मोठा भाग जेवणावर जायचा आणि तरी नीट पोषण होत नव्हतं. यावर उपाय म्हणून जानेवारी १८९० मध्ये रिचर्ड्सबाई आणि मेरी हिनमन एबल यांनी बॉस्टनच्या प्लेझंट स्ट्रीटवर न्यू इंग्लंड किचन सुरू केलं. एबलबाई जर्मनीत राहून तिथली स्वस्त लोकभोजनालयं बघून आल्या होत्या. खर्चाचा भार पॉलिन अगॅसिझ शॉ या दानशूर बाईंनी उचलला. कल्पना अशी की बीफचा रस्सा, वाटाण्याचं सूप, माशाचं चाउडर, मक्याच्या पिठाचं पुडिंग असे मोजके पदार्थ शास्त्रीय पद्धतीने शिजवायचे आणि स्वस्तात विकायचे. गिऱ्हाइकाने भांडं घेऊन यायचं आणि घरी न्यायचं. स्वयंपाक सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर, म्हणजे बघणाराही शिकेल.

आपल्याला रस वाटेल तो भाग पुढे आहे. एक पदार्थ आज जसा झाला तसाच उद्या आणि परवाही झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी वजन, वेळ, तापमान सगळं ठरवून घ्यायचं. रेसिपी पक्की होईपर्यंत एकच रस्सा पुन्हा पुन्हा करायचा आणि त्यात पोषक द्रव्य किती उतरतं ते लॅबमध्ये तपासायचं. आज याला स्टँडर्डायझेशन म्हणतात आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षी शिकवतात. शिजवण्यासाठी बॉस्टनचे उद्योजक एडवर्ड ॲटकिन्सन यांचा अलादीन ओव्हन वापरला जायचा. हा ओव्हन म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारी पेटी आणि खाली रॉकेलचा दिवा. मंद आचेवर तासन् तास ठेवलं की स्वस्तातलं चिवट मांसही मऊ होतं आणि इंधन अगदी थोडं लागतं. मेकॅनिकलवाल्यांनो, इन्सुलेशन आणि हीट लॉस हे चॅप्टर इथे कामाला आले बघा.

१८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच प्रदर्शनात रिचर्ड्सबाईंनी एका छोट्या पांढऱ्या घरात रम्फर्ड किचन मांडलं होतं. चुलीच्या आणि उष्णतेच्या शास्त्रावर काम केलेल्या काउंट रम्फर्डचं नाव त्याला दिलं होतं. तिथे ३० सेंटला जेवण मिळायचं आणि मेनूकार्डावर त्या जेवणात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं किती आणि उष्मांक किती हे छापलेलं असायचं. दोन महिन्यांत १०,००० च्या आसपास लोक तिथे जेवले. आज बिस्किटाच्या पुड्यामागे आपण जो तक्ता वाचतो (किंवा वाचत नाही), त्याची ही जुनी आवृत्ती!

आणि आता हॉस्टेलची गोष्ट. त्याच सुमाराला शिकागो युनिव्हर्सिटी नुकतीच सुरू झाली होती आणि रिचर्ड्सबाईंची एमआयटीतली विद्यार्थिनी मॅरियन टॅलबट तिथे गेली होती. मुलींच्या वसतिगृहातलं जेवण लावायचं काम तिच्याकडे आलं. गुरू-शिष्येने मिळून ते काम अभ्यास म्हणूनच घेतलं. काय मागवलं, किती खाल्लं गेलं, खर्च किती, पोषण किती, याचा हिशोब ठेवला आणि १८९४ मध्ये विद्यार्थी जीवनातला आहार या विषयावर पुस्तिका काढली. म्हणजे हॉस्टेलच्या मेसवर रीतसर संशोधन होऊन १३० वर्षं उलटून गेली आहेत. त्याच वर्षी, १८९४ मध्ये, न्यू इंग्लंड किचनमधून बॉस्टनच्या हायस्कूलना दुपारचं जेवण जाऊ लागलं. त्याआधी शाळांत शिपाईच काहीबाही विकायचे.

पण सगळं यशस्वी झालं असं नाही, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. ज्या गरीब मजुरांसाठी न्यू इंग्लंड किचन काढलं ते मजूर तिथे फारसे आलेच नाहीत. आले ते दुकानांत, ऑफिसांत काम करणारे एकटे लोक. आजाऱ्यांसाठी म्हणून डॉक्टर तिथला रस्सा सुचवायचे. इटालियन माणसाला त्याचं इटालियन जेवण हवं होतं, आयरिश माणसाला आयरिश. ठरवून दिलेल्या चवीचं, मसाला नसलेलं, तब्येतीला चांगलं असं बॉस्टनी जेवण त्यांना नको होतं. रिचर्ड्सबाईंचं गणित चुकलं नव्हतं, त्या गणितात एक गोष्ट धरलीच नव्हती. माणूस प्रथिनं खात नाही, तो आपल्या आईच्या हातची चव शोधत असतो. नागपूरचा मुलगा आणि रत्नागिरीची मुलगी एकाच मेसमध्ये जेवायला बसले की हे आपल्याला रोज दिसतं.

शास्त्राचीही एक मर्यादा होती. त्या काळी अन्न म्हणजे प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं आणि क्षार एवढंच माहीत होतं. त्यामुळे भाजी आणि फळं म्हणजे पैशाच्या मानाने कमी ताकदीचं अन्न असा समज होता. व्हिटॅमिन हा शब्दच १९१२ मध्ये आला, रिचर्ड्सबाई गेल्यानंतर एका वर्षाने. म्हणजे मोजमाप कितीही काटेकोर असलं तरी जे मोजायचं हेच माहीत नाही ते सुटतं. कोणतंही मॉडेल बनवताना हे लक्षात ठेवावं.

किचन मागे पडलं तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मोर्चा शिक्षणाकडे वळवला. १८९९ मध्ये लेक प्लॅसिड या गावी एक छोटी परिषद भरली. यजमान होते मेल्विल ड्युई, म्हणजे ज्यांच्या दशांश वर्गीकरणाचे नंबर आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकांच्या पाठीवर असतात तेच. घर आणि संस्था चालवण्याच्या शास्त्राला काय म्हणायचं यावर तिथे चर्चा झाली आणि होम इकॉनॉमिक्स हे नाव ठरलं. १९०८ पर्यंत दरवर्षी ही परिषद भरत राहिली. शाळा-कॉलेजात काय शिकवावं, हॉस्पिटल आणि वसतिगृहांची भोजनगृहं चालवायला प्रशिक्षित माणसं कशी तयार करावीत, हे तिथे ठरत गेलं. १९०९ च्या सुरुवातीला अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली आणि रिचर्ड्सबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ ला हृदयविकाराने त्या गेल्या, शेवटपर्यंत काम करत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १९२२ मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला तो होम इकॉनॉमिक्सच्याच छत्राखाली. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबईत अंधेरीच्या भवन्स कॉलेजच्या आवारात केटरिंग कॉलेज निघालं, तेसुद्धा लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, स्त्रियांच्या अन्न परिषदेने काढलेलं. आज दादरला असलेलं हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज ते हेच. त्याच्या पूर्ण नावात अप्लाइड न्युट्रिशन हे शब्द आहेत. हॉटेल म्हणजे नुसता झगमगाट नाही, ते लोकांच्या पोषणाचं काम आहे, ही आठवण त्या नावात राहिली आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. होम इकॉनॉमिक्समुळे हजारो मुलींना विज्ञान शिकायला आणि नोकरी करायला मिळाली हे खरं. पण त्याच नावामुळे हा मुलींचा विषय असा शिक्काही बसला. मी कॉन्व्हेंटमध्ये होते. आमच्या शाळेतही होम सायन्स घेणाऱ्या मुलीला गणित जमत नसणार असं सगळे धरूनच चालायचे. ज्या विषयाची सुरुवात एमआयटीच्या केमिस्टने केली त्याची ही गत! स्वतः एमआयटीने १९७३ मध्ये, त्यांच्या पदवीला १०० वर्षं झाली तेव्हा, त्यांच्या नावाने एक प्राध्यापकपद सुरू केलं. ज्या बाईचं नाव फी भरणाऱ्यांच्या यादीतही घ्यायला संस्था बिचकत होती तिच्याच नावाने.

तर मित्रमैत्रिणींनो, मेसवर टीका करू नका असं मी म्हणत नाही. टीका जरूर करा, पण इंजिनिअरसारखी करा. मेस कमिटीने एक आठवडाभर रोज ताटात टाकलेलं अन्न वजन करून लिहून ठेवलं तर कोणती भाजी कोणालाच नको आहे हे आपोआप कळेल. किलोमागे खर्च काढला तर बिल का वाढलं तेही कळेल. आणि आकडे हातात आल्यावर रिचर्ड्सबाईंच्या किचनमधला दुसरा धडा विसरू नका, जेवणाऱ्याला काय आवडतं तेही विचारा. पहाटे पाचला उठून आपल्यासाठी कणीक मळणारे आपले मेसचे काका आणि मावशी यांनाही विचारा. कुठली गोष्ट कुठे अडते हे त्यांना जितकं माहीत आहे तितकं कुठल्याही पुस्तकात नसेल.

आणि तुमच्या ओळखीत कोणी केटरिंग किंवा हॉटेल मॅनेजमेंट शिकत असेल तर स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला, असं त्याला विचारू नका. पूल बांधणारा इंजिनिअर चुकला तर पूल पडतो. ४०० जणांचं जेवण बघणारा चुकला तर ४०० जण आजारी पडतात. दोघांनाही नीट शिकलेलंच असायला हवं.